केबल स्लाइड: आधी व्हर्नियर, मग खरेदी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ-नऊ वर्षं वापरलेलं कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना फिरणारी चाकं (कॅम) असलेलं. ड्रॉ करताना, म्हणजे दोरी ओढताना, अर्ध्या वाटेवर कुरकुर ऐकू येते आणि केबल स्लाइडच्या (केबल बाजूला धरणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या) एका खाचेत केबलने चर पाडलाय. मूळ स्लाइड आता मिळत नाही. मग टेफ्लॉनची घ्यावी, रोलरवाली घ्यावी की ‘सगळ्या धनुष्यांना बसते’ म्हणणारी कुठलीही घेऊन मोकळं व्हावं? आणि बो प्रेस (धनुष्य दाबून ताण उतरवणारं यंत्र) नसताना स्लाइड बदलता येईल का?

उत्तर जरा लांबणार आहे, कारण बोटाच्या पेराएवढा हा प्लास्टिकचा तुकडा दिसतो तेवढा साधा नाही. तुम्ही तिन्ही पर्याय मटेरियलवरून मांडलेत. मी मटेरियलला दुसरा नंबर देतो. पहिला नंबर खाचेच्या जागेचा, म्हणजे रॉडपासून केबल किती लांब धरली जाते त्याचा. हे माप पाकिटावर सहसा छापलेलं नसतं, त्यामुळे खरेदी करताना ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

स्लाइड नेमकं काय करते ते आधी बघू. कंपाउंडच्या केबल मधोमध राहिल्या तर बाणाच्या वाटेत येतील. म्हणून रायझरमधून, म्हणजे धनुष्याच्या मधल्या पकडीच्या भागातून, मागे एक रॉड निघतो आणि त्यावर बसलेली स्लाइड दोन्ही केबल बाजूला ओढून धरते. ड्रॉ करताना आणि सोडताना केबल पुढे-मागे सरकतात, त्यांच्यासोबत स्लाइडही रॉडवर सरकते. एवढं सगळ्यांना दिसतं. सहज न दिसणारी गोष्ट अशी, की कॅम फिरताना केबल स्वतःच्या लांबीतही हलते, म्हणजे खाचेतून वर-खाली घासत जाते. थोडक्यात, घर्षणाच्या जागा दोन: भोक आणि रॉड, खाच आणि केबल. तुमचा चर दुसऱ्या जागेचा आहे. कुरकुर बहुधा पहिल्या जागेची आहे. एक दुखणं दिसतं आणि दुसरं ऐकू येतं म्हणून दोन्ही एकच समजू नका.

आता त्या मापाकडे येतो. समजा कॅमपासून कॅमपर्यंत केबल ८० सेंटीमीटर आहे आणि स्लाइड तिला मधोमध २० मिलिमीटर बाजूला धरते. स्लाइडवर येणारा आडवा जोर केबलच्या ताणाच्या साधारण दहावा हिस्सा होतो; साध्या त्रिकोणाचा हिशेब आहे. कोन लहान असल्यामुळे हा जोर बाजूच्या अंतराच्या सरळ प्रमाणात वाढतो. नव्या स्लाइडची खाच ३ मिलिमीटर लांब असेल, तर २० चे २३ झाले आणि आडवा जोर १५ टक्क्यांनी वाढला. आपण फक्त एक प्लास्टिकचा तुकडा बदललेला असतो!

हा जोर जातो कुठे? रॉडमधून रायझरमध्ये, आणि तिथून तुमच्या पंजात पीळ म्हणून. शिवाय कॅम एका बाजूला कलतात ते वेगळंच. त्यात भर अशी, की फुल ड्रॉला लेट-ऑफमुळे (दोरी पूर्ण ओढल्यावर धरायचा जोर कमी होतो तो) स्ट्रिंगचा ताण उतरलेला असतो आणि लिंबचं (धनुष्याच्या वाकणाऱ्या हातांचं) जवळजवळ सगळं ओझं केबलवर आलेलं असतं. म्हणजे आडवा जोर सर्वांत जास्त कधी, तर तुम्ही श्वास रोखून नेम धरता तेव्हाच. काही नव्या धनुष्यांत लवचिक केबल गार्ड, म्हणजे स्लाइडचा रॉडच लवचिक, देतात तो याच कारणासाठी: ड्रॉ पूर्ण होताना तो थोडा आत झुकतो आणि पीळ कमी करतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एकदा माझ्याच धनुष्यावर घाईत दुसरी स्लाइड चढवली. दिसायला जुनीसारखीच, भोक अचूक, सरकायला सुरेख. दुसऱ्या दिवशी कागदातून बाण मारला तर फाट आडवी, म्हणजे बाण तिरका जात होता. आधी स्वच्छ गोल भोक पडत होतं. मी दोन संध्याकाळी रेस्ट (बाण टेकतो तो आधार) डावी-उजवी सरकवण्यात घालवल्या, ग्रिपला दोष दिला, नवीन बाणांवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यातून जुनी स्लाइड उकरून काढली आणि व्हर्नियरने दोन्ही मोजल्या. भोकाच्या मध्यापासून खाचेच्या तळापर्यंत पावणेतीन मिलिमीटरचा फरक निघाला. तेव्हापासून जुनी स्लाइड महिनाभर तरी मी टाकत नाही.

म्हणून आधी जुनी स्लाइड मोजा. मापं तीन.

पहिलं रॉडच्या व्यासाचं. बाजारातल्या बहुतेक स्लाइड ३/८ इंची रॉडसाठी असतात, म्हणजे ९.५ मिलिमीटर. ५/१६ इंची, म्हणजे ७.९ मिलिमीटरचे रॉडही असतात. रॉड मोजायचा तो स्लाइड सहसा न पोचणाऱ्या टोकाशी, घासलेल्या मधल्या भागात नाही. स्लाइडचं भोक मोजायला व्हर्नियरची आतली पाती नीट बसत नसतील, तर त्या मापाच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा घालून बघा. जुन्या स्लाइडचं भोक बहुतेक वेळा अंडाकृती झालेलं असतं, त्यामुळे त्या मापावर भरवसा ठेवू नका. खरं माप रॉडचं.

दुसरं माप भोकाच्या मध्यापासून प्रत्येक खाचेच्या तळापर्यंतचं. ‘प्रत्येक’ म्हणतोय, कारण दोन खाचा सारख्या खोलीवर असतीलच असं नाही. चर पडलेल्या खाचेत चराचा तळ मोजू नका, मूळ तळ कुठे होता तो शेजारच्या न घासलेल्या कडेवरून धरा. नव्या स्लाइडमध्ये हा आकडा अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळला तर मी समाधानी असतो.

तिसरं माप दोन खाचांमधल्या अंतराचं. दोन केबल एकमेकींना घासता कामा नयेत, एवढाच त्याचा हेतू. इथे थोडा फरक चालतो. खाचा किंचित तिरक्या कापलेल्या असतील तर तो तिरकेपणा जुन्यासारखाच हवा, नाहीतर केबल खाचेच्या कडेवर टेकते आणि सर्व्हिंग, म्हणजे केबलवर गुंडाळलेला संरक्षक दोरा, महिन्याभरात विरतं.

तुमचा रॉड वाकडा, म्हणजे ऑफसेट असेल तर थोडी सूट आहे. रॉड त्याच्या घरात फिरवून केबलचं अंतर कमी-जास्त करता येतं, त्यामुळे २ मिलिमीटरचा फरक भरून निघतो. सरळ रॉडला ही सोय नाही, तिथे स्लाइडच बरोबर मिळवावी लागते.

मग केबल किती लांब ठेवायची? बाणाच्या व्हेनला (शेपटीच्या पिसाला) लागणार नाही इतकीच, त्याहून जास्त लांब मुळीच नको. बाणाची त्रिज्या ३ मिलिमीटर आणि व्हेनची उंची १३ मिलिमीटर धरली, तर व्हेनचं टोक बाणाच्या मध्यापासून १६ मिलिमीटरवर येतं. त्यावर तीन-चार मिलिमीटर मोकळीक पुरे. त्याआधी एक फुकटातला उपाय करून बघा: नॉक, म्हणजे बाणाचं दोरीत अडकणारं टोक, फिरवा. तीन व्हेनपैकी एक थेट केबलकडे रोखलेली असेल तर पूर्ण १६ मिलिमीटर खर्च होतात. वेगळ्या रंगाची व्हेन सरळ वर ठेवली तर केबलच्या बाजूची व्हेन आडव्या दिशेत सुमारे १४ मिलिमीटरच पोचते. आणि तीच व्हेन केबलच्या बरोबर विरुद्ध बाजूला फिरवली, म्हणजे दोन व्हेनमधली फट केबलकडे आली, तर ही पोच ८ मिलिमीटरवर येते. निम्मी! फक्त त्या जागी व्हेन रेस्टला लागत नाही ना ते तपासायचं. ड्रॉप-अवे (बाण सुटताच खाली पडणाऱ्या) रेस्टवर बहुतेकदा जमतं, ब्लेड (पातीवाल्या) रेस्टवर जपून. व्हेनच्या कडांना थोडी लिपस्टिक लावून दोन बाण मारले की केबलवर डाग पडतो की नाही ते लगेच कळतं.

आता मटेरियल.

माझी पहिली पसंती ॲसिटल, ज्याला बरेच जण डेलरिन या ब्रँडच्या नावानेच ओळखतात. कडक असतं, स्वतःच बऱ्यापैकी गुळगुळीत असतं, आणि मुख्य म्हणजे पाणी फारसं पीत नाही. नायलॉन इथेच मार खातं. नायलॉन ६ पूर्ण भिजलं तर वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी शोषतं आणि फुगतं. कोरड्या दिवशी झकास सरकणारी स्लाइड ओल्या हवेत रॉडवर अडखळते ती यामुळे. पाकिटावर नुसतं ‘उच्च दर्जाचं प्लास्टिक’ लिहिलेलं असेल तर ती ठेवून द्या.

टेफ्लॉनबद्दल तुम्ही खास विचारलंय. घर्षण त्याचं सर्वांत कमी, यात वाद नाही. पण निव्वळ टेफ्लॉन मऊ असतं आणि सततच्या दाबाखाली हळूहळू वाहतं, आकार सोडतं. स्लाइडवरचा दाब धनुष्य खुंटीवर टांगलेलं असतानाही चालूच असतो, हे विसरू नका. म्हणून अख्खी टेफ्लॉनची स्लाइड माझ्या मते चुकीची. ॲसिटलमध्ये टेफ्लॉन मिसळलेली, किंवा ॲसिटलच्या अंगात टेफ्लॉनची बुशिंग (नळीसारखं अस्तर) बसवलेली असेल तर उत्तम; जराशी महाग पडली तरी घ्या.

घरी थ्रीडी प्रिंटरवर छापून घेण्याचा सल्ला हल्ली बरेच जण देतात. माप जुळवायला एक नमुना छापून बघण्यापुरतं ठीक आहे. पीएलए (अशा प्रिंटरमधलं नेहमीचं प्लास्टिक) साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत आतल्या वस्तू तेवढ्या सहज तापू शकतात. दाबाखाली राहिलेली स्लाइड तिथे वाकली, तर पुढचा बाण कुठे जाईल ते तुम्हीच ठरवा.

बेअरिंगवाल्या स्लाइडबद्दल माझं मत जरा कडू आहे. आतल्या बारीक धातूच्या गोळ्या किंवा चाकं रॉडला एका बिंदूवर, फार तर एका रेषेवर टेकतात. रॉड स्टीलचा असेल तर चालून जातं. कार्बन रॉड असेल तर त्याच रेषेवर खाच पडत जाते. अशी एक स्लाइड मी एका विद्यार्थ्याच्या धनुष्यावरून काढली तेव्हा रॉडवर आगगाडीच्या रुळांसारख्या दोन समांतर रेघा होत्या, आणि नखाला लागत होत्या. स्लाइड अजून नवी दिसत होती, बदलावा लागला तो रॉड.

आणि तुम्ही म्हणता तो रोलर, म्हणजे रोलर गार्ड, ही स्लाइड नव्हेच. त्यात रॉडवर काही सरकत नाही; चाकं एका जागी असतात आणि केबल त्यांच्यावरून धावतात. शांत असतो, सुरेख चालतो. पण मूळ रॉडच्या जागी तो बसवला की केबलचा मार्गच बदलतो, मग कॅमचं टायमिंग (ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी फिरतात का) नव्याने तपासणं आलं. धनुष्य मुळात रोलरसाठी बनलेलं असेल तर प्रश्नच नाही. एका कुरकुरीवर उपाय म्हणून मात्र मी हा उद्योग करणार नाही.

खरेदीआधी आणखी एक काम, आणि माझ्या मते हे बरेच जण टाळतात: रॉड तपासा. जुनी स्लाइड का झिजली याचं उत्तर पुष्कळदा रॉडवरच असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रॉड पुसा. जुनं वंगण आणि धूळ मिळून झालेली काळी किट निघेल. मग कापसाचा सुटा बोळा रॉडभोवती अलगद धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा, थोडा फिरवून पुन्हा ओढा. कापसाचे तंतू कुठेही अडकले तर तिथे कार्बनचा तंतू उठलाय किंवा ओरखडा आहे. डोळ्याला हे दिसत नाही, बोट फिरवून कळतं, पण कार्बनची कुसळं बोटात गेली की निघता निघत नाहीत; कापूसच बरा. स्टीलच्या रॉडवरचा हलका गंज ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने जातो. कार्बनचे तंतू उठलेले असतील तर रॉडच बदला. नवी स्लाइड अशा रॉडवर घातली तर सहा महिन्यांनी हाच प्रश्न तुम्ही पुन्हा विचाराल.

नवी स्लाइड हातात आल्यावर ती आधी नुसत्या रॉडवर घालून बघा, धनुष्यावर चढवायच्या आधी. रॉड उभा धरला की स्लाइडने स्वतःच्या वजनाने सावकाश खाली घसरत जावं. अडकली तर घट्ट आहे. खडखडत धपकन पडली, आणि बोटांनी हलवल्यावर तिरकी डुलत असेल, तर सैल आहे. सैल स्लाइड दाबाखाली तिरपी होते, तिच्या कडा रॉडला चावतात आणि कुरकुर तिथेच जन्माला येते. घट्ट निघाली म्हणून ड्रिल मशीन लावू नका, भोक वेडंवाकडं होतं. बारीक काठीला ८०० नंबरचा कागद गुंडाळून चार-सहा वेळा फिरवा, पुसा, पुन्हा बघा. त्याहून जास्त घासावं लागत असेल तर माप चुकलंय, परत करा.

खाचेच्या कडाही तपासायच्या. साच्यातून निघालेल्या स्वस्त स्लाइडच्या कडेला प्लास्टिकची पातळ धार राहिलेली असते. दात साफ करायचा दोरा खाचेत घालून केबल चालते तसा वर-खाली दहा वेळा ओढा. दोरा पिंजारला, रेशे सुटले, तर सर्व्हिंगचंही तेच होणार. त्याच कागदाने धार मोडा. याच सुमाराला केबलवरचं सर्व्हिंगही बघून घ्या: खाचेच्या जागी ते विरलं असेल, आतले धागे दिसत असतील, तर आधी सर्व्हिंग करून घ्या. उघड्या धाग्यांवर नवी स्लाइड चढवायची नाही.

प्रेसशिवाय बदलता येईल का? तुमच्या धनुष्याच्या माहितीपुस्तिकेत प्रेस सांगितली असेल तर तिथेच विषय संपला, दुकानात न्या. बाकी पुष्कळ धनुष्यांवर वाट अशी असते: रॉड ज्या छोट्या स्क्रूने रायझरमध्ये आवळलेला असतो तो ॲलन कीने ढिला करायचा आणि रॉड बाहेर ओढून घ्यायचा. केबलचा आडवा जोर निघून जातो आणि स्लाइड केबलवरून हातानेच सुटते. हे सगळं धनुष्य विश्रांतीत असताना, लिंब बोल्टना हात न लावता करायचं. त्याआधी तीन गोष्टी करा. मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो काढा, कुठली केबल कुठल्या खाचेत आहे ते स्पष्ट दिसेल असे. सिंगल कॅम असेल तर एका खाचेत ‘बस केबल’ (कॅमला समोरच्या लिंबशी जोडणारी) आणि दुसऱ्या खाचेत स्ट्रिंगचाच परतीचा भाग असतो, तिथे अदलाबदल सहज होते. दुसरं, रॉड आणि रायझर दोन्हींवर मिळून एक बारीक पेन्सिलची रेघ ओढा, म्हणजे ऑफसेट रॉड पुन्हा त्याच कोनात बसेल. तिसरं, रॉड किती आत गेलेला आहे तिथे चिकटपट्टी लावा. केबल काढताना जोर लावावा लागतोय, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायची इच्छा होतेय, असं वाटलं की थांबा आणि प्रेस गाठा. ताणाखालच्या केबलशी कुस्ती करायची नाही.

बसवताना खाचेचं तोंड कुठल्या बाजूला, यावरही घोळ होतो. केबल नेहमी मध्याकडे, बाणाकडे परत जायला बघते. तेव्हा स्लाइड अशी बसली पाहिजे की केबलचा ताण तिला खाचेच्या तळाशी दाबेल. ताणाने केबल खाचेच्या तोंडाकडे सरकत असेल तर स्लाइड उलटी आहे. बाण सुटताना केबल निसटली तर तुमचा हात आणि धनुष्य दोन्ही धोक्यात. स्क्रू आवळताना कार्बन रॉडवर पैलवानी दाखवू नका, तो चेचला जातो.

मग बाण लावून, लक्ष्यासमोर उभं राहून, सावकाश ड्रॉ करा आणि तितकंच सावकाश उतरवा. रिकामं धनुष्य सोडायचं नाही हे वेगळं सांगत नाही. शेजारी कुणाला तरी उभं करून स्लाइडकडे बघायला सांगा: ती दोन्ही टोकांना मोकळी राहते का, रॉडच्या शेवटाला किंवा रायझरला भिडत नाही ना. नवी स्लाइड जुनीपेक्षा लांब असेल तर हे हमखास होतं. तपासायला रॉडवर पावडरचा हलका हात फिरवला तर स्लाइड जिथवर गेली तिथवरची पावडर पुसली जाते, अंदाज घ्यावा लागत नाही.

वंगणाचं दोन वाक्यांत: ग्रीस आणि मशिनचं तेल नको, ते धूळ धरतं आणि त्या लगद्याची पॉलिश पेस्ट होते. कोरडं टेफ्लॉन किंवा सिलिकॉन कापडावर फवारून ते कापड रॉडवर फिरवा, थेट धनुष्यावर फवारू नका, आणि स्ट्रिंग वॅक्स खाचेतल्या सर्व्हिंगला लावू नका, चिकट होतं.

आता ट्यूनिंग. मापं जुळली असली तरी कागदातून एक-दोन बाण मारून बघाच, साधारण दोन मीटरवरून. फाट पूर्वीसारखीच असेल तर काही छेडू नका. आडवी फाट नव्याने आली असेल तर रेस्टला हात लावण्याआधी पेन्सिलची रेघ जुळते का बघा, मग ऑफसेट रॉड थोडा फिरवून केबल आत घ्या, व्हेनला लागत नाही याची खात्री करा, आणि पुन्हा मारा. तरीही फाट राहिली, तरच रेस्ट.

पहिल्या पन्नास बाणांनंतर स्लाइड सरकवून रॉड बघा. थोडी बारीक भुकटी दिसणं साहजिक आहे, ती पुसा. शंभर बाणांनंतरही तेवढीच भुकटी पडत असेल, किंवा ती एकाच बाजूला साचत असेल, तर स्लाइड तिरकी चालतेय; भोक सैल आहे किंवा रॉड वाकलाय.

तुमच्या धनुष्यासाठी मी असा क्रम धरला असता: आज रॉड पुसून कापसाची चाचणी, उद्या व्हर्नियरची तीन मापं, मग ती मापं विक्रेत्याला लिहून पाठवून ‘खाचेचं अंतर मोजून सांगा’ असा आग्रह. मोजून सांगायला तयार असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. आणि जुळणारी सापडली की दोन घ्या, एक किटच्या डब्यात टाकून ठेवा. हीसुद्धा उद्या मिळेनाशी होणार आहेच.